आगुंब्याला स्वामीचं घर बघायला गेलो, पाऊस बघून आलो

घाटवाट (धागाकर्ता)

परवा आगुंब्याहून परतलो. बूट अजून वाळलेले नाहीत. पण लिहायचं राहिलं की राहूनच जातं, म्हणून आजच बसलो.

आमचे बाबा एसटीत ३१ वर्षं चालक होते. फोंडा, आंबोली, भुईबावडा, सगळे घाट त्यांच्या हाताखालून गेलेले. दूरदर्शनवर 'मालगुडी डेज' लागायची तेव्हा घरी टीव्ही नव्हता. डेपोच्या विश्रांतिगृहात होता. तिथे खाटेवर बसून बाबांनी मिळतील तेवढे भाग पाहिले, पण बहुतेकांचा शेवट त्यांना ठाऊक नव्हता, कारण मध्येच त्यांच्या गाडीची वेळ व्हायची. गेल्या गणपतीत माझ्या पुतण्याने फोनवर सगळी मालिका लावून दिली. म्हाताऱ्याने दोन आठवड्यांत फडशा पाडला आणि एक दिवस चहा पिता पिता विचारलं, "हो गाव खंय आसा?"

आता मालगुडी हे गाव लेखक आर. के. नारायण यांच्या डोक्यातलं, हे त्यांना सांगून पाहिलं. त्यावर त्यांचं म्हणणं, "डोक्यातला आसतला. पण शूटिंग काय डोक्यात केल्यानी?" बिनतोड.

तर हे आगुंबे. कर्नाटकात शिमोगा जिल्हा, तीर्थहळ्ळी तालुका, सह्याद्रीच्या अगदी कड्यावर. दिग्दर्शक शंकर नाग यांनी १९८६च्या सुमारास मालिकेचं बरंचसं चित्रीकरण इथे केलं. काही भाग देवरायनदुर्ग आणि बंगळूरलाही झाले, पण मालिकेतल्या छोट्या स्वामीचं घर म्हणून आपल्याला आठवतं ते इथलंच. त्याचं नाव दोड्डमने. दोड्ड म्हणजे मोठं, मने म्हणजे घर.

आम्ही कणकवलीहून रात्रीच्या गाडीने उडुपीला उतरलो. मुंबईकरांना मत्स्यगंधा सोयीची, दुपारी टिळक टर्मिनसहून सुटते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उडुपी. तिथून हेब्री, सोमेश्वर करत आगुंबे साधारण ५५ किलोमीटर. सोमेश्वरला घाट सुरू होतो. १४ वळणं, सगळी केसातल्या आकड्यासारखी. मोठ्या गाड्यांना बंदी असल्यामुळे मिनीबस चालतात. चालकाच्या मागची सीट मिळेपर्यंत बाबांनी एक बस सोडून दिली. मग तासभर ते खिडकीबाहेर बघायलाच तयार नाहीत. नजर त्या चालकाच्या हातावर. बाहेर धुकं, डोंगरातून रस्त्यावर उड्या घेणारं पाणी, दरीच्या तोंडाशी झाडांच्या फांद्यांवर चढलेलं हातभर शेवाळ, आणि आमचे पिताश्री गिअरची दांडी बघतायत! सातव्या वळणावर म्हणाले, "पयल्या गेरार घेतल्यान. बरोबर." चौदाव्यावर, "हेका गाडी कळता." एवढी शाबासकी मला दहावीलाही मिळाली नव्हती.

गाव म्हणजे एक चौक. चार दुकानं, बसथांबा, गोपालकृष्णाचं देऊळ आणि शाळा. छत्री उघडायची की मिटायची या विचारात असतानाच माणूस भिजून जातो, असा पाऊस. डोक्यावरून पाठीवर घोंगडीची खोळ सोडून बायामाणसं शेताकडे चाललेली. तिथे तिला कंबळी कोप्पे म्हणतात. आपल्याकडे इरली गेली, प्लास्टिकचे कागद आले. इथे घोंगडी अजून टिकून आहे, निदान थोडीफार.

दोड्डमने शोधावं लागत नाही, चौकापासून चालत जाता येतं. शंभराहून अधिक वर्षांचं घर. समोर लांब पडवी, जाड लाकडी खांब, आत उघडा चौक, त्याच्या चारी बाजूंना ओसऱ्या. चौकात पावसाचं पाणी पडत होतं आणि त्याचा आवाज घरभर भरून राहिला होता. दारात उभे राहिलो तर घरच्यांनी 'कुठून आलात' याच्याही आधी 'कषाय घेणार का' विचारलं. धने, जिरे, मिरी भाजून केलेली पूड, गूळ आणि दूध घातलेला काढा. नाव काढ्याचं, पण चव अशी की मी तीन पेले घेतले.

बाबा पडवीत बसले ते तासभर उठलेच नाहीत. फोटो नाही, काही नाही. मी आतबाहेर हिंडत होतो, स्वामी इथून पळाला असेल, त्याचे वडील झालेले गिरीश कार्नाड इथे बसून त्याला दटावत असतील, वगैरे चाललं होतं माझं. परत येऊन बघतो तर बाबा उंबरठ्याच्या झिजलेल्या जागेवर हात फिरवतायत. म्हणाले, "माझ्या मामाच्या घराक असोच चौक होतो. पाडल्यानी." मालगुडीचा विषयच नाही.

मुक्काम दोन दिवसांचा होता. सूर्यास्त बघायची जागा प्रसिद्ध आहे, हवा स्वच्छ असली तर तिथून अरबी समुद्र दिसतो म्हणे. आम्हाला तिथे पाच फुटांवरची रेलिंग दिसली. बरकणा आणि ओनके अब्बी या धबधब्यांकडे जायची वाट पावसाळ्यात बंद होती, वनखात्याची परवानगी लागते. जोगीगुंडी तेवढं पाहिलं. तेही बघण्यापेक्षा ऐकलं जास्त.

आणि जळवा. त्यांच्याबद्दल लिहीत नाही, अजून खाजतंय.

फोटो उद्या टाकतो. मोबाइलमध्ये पाणी गेलंय, तांदळात ठेवलाय.

चिंचगूळ

काय लिहिलंय! बाबांना माझा नमस्कार सांगा.

ती सुरुवातीची धून आणि आर. के. लक्ष्मण यांची रेखाटनं आली की आम्ही सगळी भावंडं ताटं घेऊन टीव्हीसमोर. आईची ओरड, घास खाली सांडतोय म्हणून. धून एल. वैद्यनाथन यांची, हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळलं.

एक विचारू का? घर आतून बघू देतात? की बाहेरूनच?

तिरकस

माझा अनुभव सांगतो, मग शिव्या घाला.

आम्ही सहा जण मे महिन्यात गेलो होतो, गाडी करून. गोव्याहून उतरताना वाट वाकडी केली. बघायला काय? एक घर, चार दुकानं, संपलं. ना फलक, ना माहिती देणारं कुणी. घरात शिरलो तर जेवता का विचारलं. तिकीट किती विचारलं तर म्हणे काही नाही. मग जेवणाचे किती? तर तुमची मर्जी. हे 'तुमची मर्जी' प्रकरण मला जाम अवघड जातं. कमी दिले तर आपण कंजूष, जास्त दिले तर बावळट. सरळ दर लिहा ना भिंतीवर.

आणि रेल्वे स्टेशन कुठाय? मालिकेत स्टेशन होतं की. गावात कुणाला विचारलं तर हसायला लागले.

घाटवाट

@चिंचगूळ, आत जाऊ देतात, पण ते राहतं घर आहे. आत माणसं आहेत, वाळत घातलेले कपडे आहेत, देवघर आहे. विचारून जायचं, चपला बाहेर. राहायची-जेवायची सोयही करतात, आधी कळवून जा.

@तिरकस, स्टेशन आगुंब्यात कसं असेल? रेल्वे कधी तिथवर गेलेलीच नाही. मालिकेतलं स्टेशन म्हणजे अरसाळू, शिमोगा-ताळगुप्पा मार्गावरचं. तेव्हा तिथे मीटर गेज होतं. आगुंब्याहून गाडीने दोन-अडीच तास तरी धरा. तिथल्या जुन्या इमारतीत रेल्वेने २०२०मध्ये मालगुडी संग्रहालय केलंय. फलक, माहिती, पुतळे, चहाची जागा, तुम्हाला हवं ते सगळं तिथे मिळेल. मालिकेचे कलादिग्दर्शक जॉन देवराज यांनीच ते उभं केलं. आमचं जायचं राहिलं.

तिरकस

म्हणजे नकली गाव खऱ्या स्टेशनात आणि खरं गाव नकली स्टेशनाशिवाय. असू दे.

होन्नावरकर

धागा वाचून राहवलं नाही. मी होन्नावरचा, आता पुण्यात.

शंकर नाग आमच्या तालुक्यातले, मल्लापूरचे. घरची भाषा कोंकणी. अनंत नाग थोरले भाऊ, तेही मालिकेच्या कितीतरी भागांत आहेत. ३९ भाग शंकर यांनी केले. पुढे २००४नंतर आणखी १५ आले ते कविता लंकेश यांचे. तुमच्या बाबांनी दोन आठवड्यांत ५४ भाग संपवले असतील तर त्यांना दंडवत.

आता एक गोष्ट खास बाबांसाठी. १९८०मध्ये शंकर नाग यांचा 'ऑटो राजा' आला, त्यात ते रिक्षाचालक होते. तेव्हापासून कर्नाटकातल्या रिक्षावाल्यांनी त्यांना आपलं मानलंय. ३० सप्टेंबर १९९०ला दावणगेऱ्याजवळ आनगोड इथे मोटार अपघातात गेले. वय ३५. आजही बंगळूरपासून कारवारपर्यंत कितीतरी रिक्षांच्या मागे त्यांचा चेहरा रंगवलेला दिसेल. तरुण रिक्षावाले, त्यांचा जन्मही तेव्हा झालेला नाही.

जेवणाबद्दल काहीच लिहिलं नाहीत? कोट्टे कडुबु खाल्लात की नाही? फणसाच्या पानांच्या द्रोणात उकडतात ते. पावसात पत्रोडे असणारच, तुमच्या अळूवडीची थोरली बहीण. आणि तंबुळी, म्हणजे पाल्याची ताकातली गार कढी म्हणा.

घाटवाट

थांबा थांबा. उडुपीला स्टेशनवरून ज्या रिक्षाने बसस्टँडला गेलो तिच्या मागे एका दाढीवाल्या माणसाचं चित्र होतं. मला वाटलं कुणी पुढारी असेल. बाबांना आत्ता विचारलं. त्यांना ती रिक्षा आठवते, चित्रही आठवतं. तुमचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "डायवरांनी लक्षात ठेवल्यानी तर." नंतर बराच वेळ बाहेर झोपाळ्यावर होते.

कोट्टे कडुबु नाही मिळालं. पत्रोडे मिळाले. तंबुळी ब्राह्मीची होती, तिच्यासाठी पुन्हा जाईन.

ग्रंथपाल निवृत्त

धागा छान, पण पुस्तकाच्या बाजूने कुणीतरी बोलायला हवं.

नारायण यांचं मालगुडी पहिल्यांदा येतं १९३५च्या 'स्वामी अँड फ्रेंड्स'मध्ये. सरयू नदी, मार्केट रोड, कबीर स्ट्रीट, लॉली एक्स्टेन्शन, अल्बर्ट मिशन शाळा. ते मैदानातलं गाव आहे. संध्याकाळी लोक नदीच्या वाळूत गप्पा मारत बसतात. आगुंब्यात आषाढात वाळूत बसून दाखवा! जंगल आहे, मेंपीचं, पण ते गावाबाहेर दूर डोंगरात, वाघ वगैरे तिथून येतात. नारायण म्हैसूरला राहिले, त्यांचं यादवगिरीतलं घर २०१६पासून संग्रहालय म्हणून खुलं आहे. नारायण ज्याला शोधायचेत त्याने तिकडे जावं.

माझा एक जुना समज आहे, चूक असेल तर सांगा. मालिकेने आपल्याला ऊन असलेलं आगुंबे दाखवलं. कॅमेरा पावसात कोण बाहेर काढणार? म्हणून मालिका बघून जाणारा माणूस नेमका वर्षातल्या सगळ्यात ओल्या दिवसांत गेला तर त्याला ते गाव ओळखूच येत नाही. घाटवाट यांच्या वडिलांना ते मामाचं घर वाटलं, यात सगळं आलं.

रानकिडा

इतका वेळ वाचत होतो. आता माझ्या विषयावर येतो, कारण आगुंब्याला जाऊन फक्त एका घराचे फोटो काढून येणारे लोक बघितले की मला त्रास होतो (घाटवाट, तुम्ही नाही).

आगुंब्याला वर्षाला सरासरी ७,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आपल्या आंबोलीच्या तोडीस तोड. दोन्ही जागांचं गणित एकच आहे. अरबी समुद्रावरून येणारे ढग सरळ कड्याला धडकतात, वर चढतात, गार होतात आणि तिथेच रिकामे होतात. चाळीस-पन्नास किलोमीटर पूर्वेला सरकलात की पाऊस झपाट्याने उतरतो. आणखी एक गंमत. कड्याच्या पश्चिमेला पडलेलं पाणी सीता नदीतून अरबी समुद्राला जातं, आणि पूर्वेला पडलेलं तुंगेतून तुंगभद्रा, मग कृष्णा करत पार बंगालच्या उपसागरात. तुम्ही ज्या चौकात छत्री झटकलीत तिथलं पाणी कुठल्या समुद्राला गेलं असेल, सांगा बघू.

आणि नागराज. कन्नडमध्ये काळिंग. जगातला सगळ्यात लांब विषारी साप, आणि पाल्याचा ढीग रचून घरटं करणारा एकमेव. मादी त्यावर बसून राहते. सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांनी २००५मध्ये आगुंब्यात वर्षावन संशोधन केंद्र सुरू केलं. पुढे इथेच नागराजाच्या अंगात छोटा प्रक्षेपक बसवून तो दिवसभर कुठे जातो, काय खातो हे टिपायला सुरुवात झाली. खातो मुख्यतः दुसरे साप. म्हणून तर घरात येतो: उंदरांमागे धामण येते, धामणीमागे हा. २०२४मध्ये संशोधकांनी नागराजाच्या एका जातीच्या चार जाती केल्या, त्यात पश्चिम घाटातल्या जातीला नाव दिलं ओफिओफॅगस काळिंगा. म्हणजे शेतकरी ज्या नावाने हाक मारतात तेच आता शास्त्रीय नाव. मला याचा भारी आनंद झाला होता.

तिथले लोक त्याला मारत नाहीत. घरात निघाला तर बोलावतात, पकडून जवळच्या रानात सोडला जातो. केंद्र म्हणजे सर्पोद्यान नव्हे, बरं का. आधी ठरवल्याशिवाय जाऊन 'साप दाखवा' म्हणू नये.

चिंचगूळ

माझं जायचं ठरत होतं ते रानकिडा यांनी रद्द केलं. :)

रानकिडा

अहो, दिसायला नशीब लागतं! मी पाच वेळा गेलोय, एकदा दिसला, तोही शेपटीकडून.

भीती बाळगायचीच असेल तर गोचिडांची बाळगा. क्यासनूर जंगल ताप, म्हणजे आपल्याकडे ज्याला माकडताप म्हणतात तो. १९५७मध्ये याच शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या रानात तो पहिल्यांदा ओळखला गेला. सिंधुदुर्गात दोडामार्ग, बांदा भागात २०१६पासून तो आपल्या ओळखीचा आहे. गोचिडांचा जोर कोरड्या दिवसांत, साधारण जानेवारी ते मे. त्या दिवसांत रानात शिरू नका, पालापाचोळ्यावर बसू नका, माकड मरून पडलेलं दिसलं तर जवळ जाऊ नका, लगेच कळवा. परतल्यावर आठवड्याभरात सणसणून ताप आला तर डॉक्टरांना कुठल्या रानात होतो ते आवर्जून सांगा.

जळवांना घाबरायचं कारण नाही. पायमोज्यात तंबाखूची पूड टाका, किंवा मोज्यांना चुना-मीठ लावा. ओढून काढू नका. पोट भरलं की आपसूक पडते.

भाताचं खाचर

रानकिडा, मी दोडामार्गचा. माकडतापाबद्दल लिहिलंत ते बरं केलंत. आमच्याकडे काजूच्या बागेत जायच्या आधी हातापायाला औषधी तेल चोपडतात आता. पहिल्या वर्षी कुणाला काही कळत नव्हतं, नुसता ताप, ताप.

घाटवाट, सुपारीच्या बागा बघितल्या का? तिथे घडांवर प्लास्टिकच्या टोप्या बांधतात का अजून?

घाटवाट

बघितल्या. काही ठिकाणी टोप्या होत्या, बाकी ठिकाणी फवारणी. मोरचूद-चुन्याचा तो निळा डाग झावळ्यांवर, आणि वास अगदी आपल्या बागेतला. तिथेही कोळेरोगाची तीच रड. बसमध्ये एका बागायतदाराशी बाबांचा संवाद झाला, त्याला मराठी येत नाही, बाबांना कन्नड येत नाही. मालवणी आणि त्याची कोंकणी यांच्या मधल्या कुठल्याशा भाषेत दोघांनी सुपारीचा भाव, रोग, मुलगा बंगळूरला असणं, हे सगळं उरकलं. मला त्यातलं निम्मंच कळलं.

विंगेतून

शंकर नागांचा विषय निघाला म्हणून. हा माणूस मराठी रंगभूमीवरून तिकडे गेलाय, हे आपल्याला माहीत हवं. तरुणपणी मुंबईत होते, नाटकं करायचे. नचिकेत आणि जयू पटवर्धन यांच्या '२२ जून १८९७' (१९७९) या मराठी चित्रपटाच्या लेखनात त्यांचा हात होता. पत्नी अरुंधती आणि त्यांची ओळखही मुंबईच्या नाटकांतली. त्या स्वतः मराठी, गुजराती, कन्नड नाटकं केलेल्या. शंकर गेल्यावर त्यांनी नेटाने उभं केलेलं बंगळूरचं रंगशंकरा नाट्यगृह २००४मध्ये सुरू झालं. नाटक बघायला तिथे गेलात तर वेळेवर जा, उशीर झाला की आत सोडत नाहीत, कुणीही असा.

गिरीश कार्नाडांनी शंकरना कन्नड चित्रपटात आणलं, 'ओंदानोंदु कालदल्लि' (१९७८). आणि काही वर्षांनी त्याच शंकरच्या मालिकेत कार्नाड स्वामीचे वडील झाले. कार्नाडांचा जन्म माथेरानचा, १९३८. तेही घाटमाथ्यावरचं जंगलातलं गाव. बघा कसं जुळतं.

तिरकस

ओढूनताणून.

विंगेतून

मान्य. पण माथेरान खरं.

दोन पिशव्या

मी कामाचे प्रश्न विचारते. मुलगी आठ वर्षांची, सासूबाई ६८, गुडघे दुखतात. ऑक्टोबरच्या सुट्टीत जमेल का? पावसात नेणं शक्यच नाही. मुलीने मालिका पाहिलेली नाही, तिला कंटाळा येईल का?

घाटवाट

ऑक्टोबरचा शेवट बरा. नोव्हेंबर-डिसेंबर त्याहून बरा, सूर्यास्त दिसण्याची शक्यता तेव्हा जास्त. सासूबाईंना घाटात पुढची सीट द्या, पोट ढवळतं. गावात चढउतार फार नाही. धबधब्यांच्या वाटा मात्र त्यांना झेपणार नाहीत. त्यापेक्षा शृंगेरी करा, आगुंब्याहून तासाभराचा रस्ता. तुंगेच्या घाटावर मासे बघत त्या दोन तास आनंदात बसतील. मुलीलाही तेच आवडेल.

होन्नावरकर

कुप्पळ्ळीही करा, तीर्थहळ्ळीजवळ. कन्नड कवी कुवेंपूंचं घर, आता संग्रहालय आहे. दोड्डमनेसारखंच लाकडी, चौकाचं, पण तीन मजली, आणि सगळं नीट मांडलेलं. मलनाडातलं, म्हणजे या डोंगराळ पट्ट्यातलं, श्रीमंत घर आतून कसं असायचं ते तिथे समजतं. तिरकसरावांनाही चालेल, तिथे माहिती आहे.

आणि पावसाळ्यात जाणाऱ्यांनी निघण्याआधी घाट चालू आहे का ते विचारा. दरड आली की बंद करतात, मग लांबचा फेरा पडतो.

तिरकस

सगळे माझ्याच मागे लागलेत म्हणून खरं काय झालं ते सांगतो.

आम्ही जेवलो नाही तिथे. सहा जण, सगळ्यांना घाई, गाडी बाहेर चालू. मित्राने पडवीत उभं राहून रील केलं, दोनदा, कारण पहिल्यांदा मागून घरातलं कुणीतरी बादली घेऊन गेलं. त्याला जरा बाजूला व्हा म्हणाला तो. त्यांच्याच घरात. मला तेव्हाच कसंतरी झालं होतं, पण मी काही बोललो नाही. पैसेही ठेवले नाहीत, कारण 'आपण काही घेतलंच नाही'.

'तुमची मर्जी'चा राग तिथून आलाय बहुधा.

चिंचगूळ

तिरकस, हे लिहिलंत त्याबद्दल +१.

ग्रंथपाल निवृत्त

+१.

मर्जीबद्दल माझा हिशेब सोपा आहे. तेवढ्याच जेवणाला, तेवढ्याच खोलीला जवळच्या तालुक्याच्या गावी जे पडले असते ते, आणि वर थोडे. घर एवढं जुनं आहे, कौलं दरवर्षी शाकारावी लागत असतील. ते पैसे कुठून येणार?

घाटवाट

आम्ही तसंच केलं. बाबांचा हिशेब वेगळाच होता, ते एकूण रकमेवर आणखी शंभर ठेवत होते. विचारलं कशाचे, तर म्हणाले, "तासभर पडयेत बसलंय नाय?" प्रतीक्षाकक्षाचं भाडं!

भाताचं खाचर

हाहाहा. एसटीच्या माणसाला मरण नाही.

रानकिडा

घाटवाट, फोटोंचं काय झालं? तांदूळ शिजला की मोबाइल?

घाटवाट

मोबाइल गेला. एकही फोटो वाचला नाही. दुरुस्तीवाल्याने आत शेवाळ आलंय म्हणून चेष्टा केली.

पण त्यामुळे एक झालं. बाबा आता पुन्हा जायचं म्हणतायत, या वेळी अरसाळूला, डिसेंबरात. कणकवलीहून शिमोग्याला सरळ गाडी नाही, तर मडगाव, लोंढा, हुबळी असं काहीतरी जोडतोय. कुणाला सोपा मार्ग माहीत असेल तर सांगा. शिमोगा-ताळगुप्पा गाडी अरसाळूला थांबते की नाही, तेही. 'संग्रहालयापर्यंत रिक्षा करू' म्हणालो तर ऐकत नाहीत. स्टेशनवर रेल्वेनेच उतरायचं म्हणतात.

होन्नावरकर

व्यनि (खाजगी निरोप) केलाय. शिमोग्याला माझा भाचा आहे, वेळापत्रक विचारून कळवतो. बाबांना सांगा, शिमोग्याला रिक्षा पकडाल तेव्हा मागचं चित्र बघून पकडा.

दोन पिशव्या

आमची नोव्हेंबरची तिकिटं काढली. मुलीला पहिला भाग दाखवला. तिचा पहिला प्रश्न: "याचे बाबा याला इतकं का ओरडतात?" दुसरा: "तिथे साप आहे ना?"

जळवांसाठी तंबाखू आणायची आहे. पुडीवर चिठ्ठी लावून ठेवते, नाहीतर नवरा मोज्याऐवजी तोंडात टाकेल.